सामेलभाऊ मेजापाशी आले नाहीत

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या स्मरणिकेसाठी जुन्या सेवकांच्या आठवणी लिहून द्या, असं मला वेळोवेळी सांगण्यात आलं आणि मी त्या लिहून देत आलो. चांद्याच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांवर लिहिलं. सायकलवर शुभवर्तमानाच्या पुस्तिका विकत हिंडणाऱ्या प्रचारकावर लिहिलं. सामेलभाऊंवर मात्र कधी लिहिलं नाही. कुणी त्यांचं नाव काढलंच, तर "होते खरे, पण पुढे त्यांचं जरा वेगळं झालं," एवढं म्हणून मी दुसरं काही बोलायला लागायचो. ऐकणारा समजल्यासारखी मान हलवायचा. त्याला काय समजलंय हे मला माहीत असायचं आणि ते खोटं आहे हेही. आता डोळे अधू झालेत, हात कापतो, आणि सामेलभाऊंना पाहिलेलं मंडळीत माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही. मी गेलो की ते खोटंच खरं होऊन बसेल.

पन्नास सालानंतरची गोष्ट. भामरागडच्या पुढे, नदीपलीकडे, रानातल्या एका छोट्या गावात आमच्या मंडळीचं ठाणं होतं. ठाणं म्हणजे एक दवाखान्याची खोली, एक शाळा, एक कुडाचं प्रार्थनामंदिर आणि सामेलभाऊंचं घर. मला तिथे शाळामास्तर म्हणून पाठवलं, तेव्हा मी तेविशीत होतो. आल्लापल्लीपर्यंत मोटार, मग बैलगाडी, मग पायी. पावसाळ्यात नद्या भरल्या की दिवाळीपर्यंत आत कुणी येत नसे आणि बाहेर कुणी जात नसे.

त्यांचं खरं नाव शमुवेल. गावातल्या माडिया लोकांना ते उच्चारता येईना, म्हणून सामेल. ते प्रचारकही होते आणि कंपाउंडरही. चाळिशीच्या पुढचे, उंच, थोडे वाकलेले, हात मात्र नांगरधऱ्याचे. चामोर्शीकडच्या धानशेती करणाऱ्या घरातले. तरुणपणी दंडारीत ढोलकी वाजवायचे. आमच्या झाडीपट्टीत दंडार म्हणजे रातभर चालणारं गाण्या-नाचाचं नाटक. पुढे दुखण्यात दवाखान्यात पडून राहिले, तिथे त्यांना प्रभू भेटला आणि घराचं दार बंद झालं. बायको मार्था याच ठाण्यावर तापानं गेली होती. मूलबाळ नव्हतं. सबंध गावात ख्रिस्ती असा तो एकच माणूस.

पहिल्या रविवारची उपासना मला अजून दिसते. प्रार्थनामंदिराबाहेर झाडाला बैलगाडीच्या चाकाची तुटकी लोखंडी धाव टांगलेली होती. सामेलभाऊंनी ती हातोडीनं वाजवली. मग काळा कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि दारात उभे राहून वाटेकडे पाहत राहिले. कुणी येणार नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी दुसरी घंटा दिली, आत आले आणि ओळीनं अंथरलेल्या रिकाम्या चटयांना म्हणाले, "गीत गायाले आपन उभे राहू." मंडळी म्हणजे मी. मी उभा राहिलो. ते पुरुषांच्या सुरात एक ओळ म्हणायचे आणि बायकांची ओळ आली की आवाज चढवून तीही म्हणायचे. शेवटी त्यांनी सूचना वाचली, की पुढच्या आईतवारी उपासना याच वेळेला होईल, सगळ्यांनी वेळेवर यावं. मला हसू आवरलं नाही. ते माझं हसू संपेपर्यंत शांतपणे थांबले, मग आशीर्वाद दिला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सामेलभाऊ, ही सूचना कुणासाठी?"

"तुमी आले ना आज?" ते म्हणाले. "मांगच्या आईतवारी तं तुमीबी नोयते. तवा सांगलं होतं मी."

सकाळी चुलीवर आधण ठेवलं की मूठभर तांदूळ ते वेगळ्या मडक्यात टाकायचे. ते देवाचे. रविवारी मडकं मेजाजवळ ठेवायचे आणि सोमवारी दवाखान्यात जो उपाशी येईल त्याच्या पदरात ओतायचे. आपण उपाशी असलो तरी त्या मडक्याला हात नाही. एका पावसाळ्यात आम्ही दोघं बांबूचे कोंब उकडून खात होतो आणि मडकं अर्धं भरलेलं होतं. मी त्याकडे पाहिलं. त्यांनी ते उचलून माझ्या नजरेआड ठेवलं.

माणूस लाकडाचा होता असं मात्र नाही. मोहाची फुलं गळायला लागली की सबंध रान त्या वासानं जड व्हायचं. दिवेलागणीला गोटुलात, म्हणजे गावातल्या तरुण पोरापोरींच्या घरात, ढोल सुरू व्हायचे. सामेलभाऊ पडवीत बसलेले असायचे आणि त्यांची बोटं गोळ्यांच्या डब्यावर चालायला लागायची. लक्षात आलं की ते हात मांडीखाली दाबून धरत आणि मला सांगत, "आज हात बेइमान झाले, मास्तर." कधी पाय बेइमान व्हायचे, कधी नाक. जो अवयव फितूर होईल त्याचं नाव ते चारचौघांत घेत. लपवलं की तो जास्त माजतो, असं त्यांचं म्हणणं.

एकदा धान कापून झाल्यावर त्यांच्या जुन्या दंडारीतले दोघं जण एवढ्या लांब त्यांना न्यायला आले होते. नवीन ढोलकीवाला टुकार निघाला होता. त्यांनी सामेलभाऊंना खूप चढवलं, मग चिडवलं, मग एकजण म्हणाला, "तुह्या देवानं ढोलकी वाजवाले मना केली का बे?" सामेलभाऊंनी त्यांना पोटभर जेवू घातलं, त्यांच्याकडून जुनी गाणी म्हणवून घेतली, डोळे मिटून ऐकली आणि सकाळी नदीपर्यंत पोचवून एकटेच परत आले. मी म्हटलं, गेला असता चार दिवस तर काय पाप होतं?

"वाजवनं पाप नाई," ते म्हणाले. "पन मी वाजवाले बसलो का उठत नाई, हे मले मालूम हाय."

त्यानंतर बराच वेळ ते मार्थाच्या कबरीवरचं गवत उपटत बसले होते. तिथे उपटण्यासारखं गवत नव्हतं.

आमचे पाळकसाहेब वर्षातून एकदाच यायचे, दिवाळीनंतर नदी उतरली की. ते आले की प्रभुभोजन व्हायचं, प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. आमच्यात त्याला नुसतं 'मेज' म्हणतात. सामेलभाऊ त्या एका दिवसावर वर्ष काढायचे. आठवडाभर आधी मेजावरचं पांढरं कापड धुवायचे, वाळवायचे, घडी करायचे आणि पुन्हा धुवायचे. त्या दिवशी भाकरीचा तुकडा हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मला लिहिता येणार नाही. खूप दिवस परगावी राहिलेला माणूस घरच्या उंबऱ्यावर बसून पायातले काटे काढताना जसा दिसतो, तसं काहीतरी.

रैनी ही त्याच गावातली विधवा. तिच्या भाचीचा ताप सामेलभाऊंनी उतरवला होता. तेव्हापासून ती त्यांच्या दारात कधी सरपण टाकायची, कधी पाण्याची घागर ठेवायची. ते तिच्याशी फार बोलायचे नाहीत, पण ती आली की त्यांचा आवाज बदलायचा.

त्या भागात एक रीत आहे. बाईच्या मनात एखादा माणूस भरला, की ती आपलं गाठोडं घेऊन सरळ त्याच्या घरात येऊन बसते. घरच्यांनी तिच्या अंगावर हळदीचं पाणी ओतलं की लग्न लागलं. आलेल्या बाईला उठवून लावणं म्हणजे तिच्या सगळ्या माणसांच्या तोंडावर थुंकणं. नद्या नुकत्याच भरल्या होत्या, तेव्हा एका सकाळी रैनी गाठोडं घेऊन सामेलभाऊंच्या चुलीपाशी येऊन बसली. गाव जमलं. गावाचा गायता, म्हणजे त्यांचा पुजारी आणि म्होरक्या, सामेलभाऊंना घरचं माणूस नाही म्हणून स्वतःच हळदीच्या पाण्याचं मडकं घेऊन आला आणि पावसात उभा राहून विचारू लागला, ओतू का.

सामेलभाऊंनी चुलीवरचं आधण उतरवून ठेवलं. मग त्यांनी रैनीला विचारलं, "तुले माहा येशू पायजे का? का मीच पायजे?"

"तू कोठी, तो तेठीच असंल ना," रैनी म्हणाली. लोक हसले. सामेलभाऊही हसले.

त्यांनी गायत्याला सांगितलं की हळदीचं पाणी नको. पाळकसाहेब आले की ते तिचा बाप्तिस्मा करतील आणि आमचं लग्न लावतील. तोवर घर तिचं. आणि आपली चटई, पवित्र शास्त्र आणि काळा कोट काखेत मारून ते माझ्याकडे शाळेच्या पडवीत राहायला आले. माझी खोली गळत असल्यामुळे मीही पावसाळाभर तिथेच झोपत असे. दोन चटयांमध्ये कंदील ठेवण्यापुरती जागा राहायची.

सबंध पावसाळा असा गेला. रैनी रांधायची आणि पान उंबऱ्याबाहेर ठेवायची. सामेलभाऊ अंगणात बसून जेवायचे, पाऊस असला तर पळसाच्या पानांचं इरलं डोक्यावर घेऊन. सामेल आपल्याच घरचा पाहुणा झाला, म्हणून बायका त्यांची टर उडवायच्या. दिवसा दवाखान्याच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, ते तिला प्रभूची प्रार्थना शिकवायचे. रविवारी ती उपासनेला यायला लागली. कुठेही आमेन म्हणायची, सूचनेच्या मधेसुद्धा. ते तिला सुधारायचे नाहीत.

एका संध्याकाळी धो धो पाऊस होता. समोरच्या घरात रैनी धान कांडत होती आणि मुसळाच्या ठेक्यावर तिच्या भाषेत काही गात होती. सामेलभाऊ पडवीच्या खांबाला टेकून बसले होते. आज काय बेइमान झालं ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मीच विचारलं.

"आज पुरा मानूसच बेइमान हाय," ते म्हणाले. "तुमी बोलत राहा, मास्तर. कायबी बोला."

मी बोलत राहिलो. चांद्याला माझं लग्न ठरलं होतं, पण जंगलात मुलगी देणार नाही, असं सासऱ्यांनी बजावलं होतं. बदलीसाठी मी किती हातापाया पडलो, ती नाही झाली तर लग्न मोडेल, या जागेत आणखी एक पावसाळा काढावा लागला तर मला वेड लागेल, हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते ऐकत राहिले. मुसळाचा आवाज थांबला तेव्हा त्यांनी माझे आभार मानले.

पुढे भादव्यात मला थंडीताप भरला. सामेलभाऊंनी मला क्विनाइन पाजलं, रात्रंदिवस उशाशी बसून राहिले, माझं घाणेरडं अंथरूण नदीवर नेऊन धुतलं. मी शुद्धीत होतो. अशक्त होतो, पण शुद्धीत होतो.

दिवाळी झाली, नदी उतरली. पाळकसाहेब मंडळीचे दोन वडील, म्हणजे मंडळीनं नेमलेले कारभारी, बरोबर घेऊन आले. मी घाटावर त्यांना आणायला गेलो. गोष्ट त्यांच्या कानावर आल्लापल्लीलाच गेली होती. लाकडाच्या ठेकेदाराच्या माणसांनी चहाच्या दुकानात ती रंगवून सांगितली होती, की तुमच्या प्रचारकानं जंगलातली बाई ठेवली. पाळकसाहेब दुष्ट नव्हते. दमलेले होते आणि दुखावलेले होते. वाटेत ते मला म्हणाले, यात तथ्य असलं तर ठाणं बंद करावं लागेल. प्रचारक नाही तर शाळा तरी कशाला. मग तुम्हाला चांद्याच्या शाळेत घेऊ. पुढची वाट मी काही बोललो नाही.

प्रार्थनामंदिरात मेज मांडलेलं होतं. कापड पांढरंशुभ्र. रैनी धुतलेलं लुगडं नेसून दाराबाहेर बसली होती. आज आपलं लग्न, असं तिला सांगितलेलं होतं. पाळकसाहेबांनी मेजावरची भाकरी झाकून ठेवायला लावली आणि सामेलभाऊंना विचारलं, ही बाई कधीपासून तुमच्या घरात आहे?

"नदी भरली तवापासून."

"आणि तुम्ही?"

"मी घरात नाई रायलो, साहेब. शाळेच्या पडवीत रायलो."

"याला साक्षी कोण?"

"मास्तर हायेत ना," सामेलभाऊ म्हणाले. हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "मी तापानं आजारी होतो. मला नक्की सांगता येणार नाही."

एवढंच बोललो. ताप खरा होता.

आता सामेलभाऊ वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि मला कळलं, की त्या पावसातल्या संध्याकाळी मी जे जे सांगितलं होतं ते सगळं त्यांना आठवतंय. मी अजून काही बोलेन म्हणून ते थांबले असावेत. मी बोललो नाही. मग ते पाळकसाहेबांना म्हणाले, "मास्तरले ताप होता. हे खरं हाय."

गावातल्या कुणालाही विचारता आलं असतं. पण ते लोक आमच्यातले नव्हते, त्यांची साक्ष धरायची नाही असं वडिलांचं मत पडलं. ठरलं ते असं: सामेलभाऊंना प्रचारकाच्या कामावरून दूर करावं. बाईनं तिच्या माणसांत परत जावं. आणि मंडळीपुढे उभं राहून पाप कबूल करीपर्यंत सामेलभाऊंनी मेजापाशी येऊ नये.

मग भाकरीवरचं कापड काढलं. मी गुडघे टेकले आणि भाकरी खाल्ली. सामेलभाऊ दाराजवळच्या चटईवर बसून होते. गीत सुरू झालं तेव्हा त्यांनी म्हटलं. बायकांची ओळ आली, तेव्हा ते गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी रैनीचा भाऊ तिला न्यायला आला. नदीकडे जाताना ती शाळेपाशी थांबली. तिकडचे लोक सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. "मास्तर, तू तं पाहत होता ना?" ती म्हणाली. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी पोरांना पाढे म्हणायला लावले.

ठाणं बंद झालं, मी चांद्याला गेलो, माझं लग्न झालं. सामेलभाऊ तिथेच राहिले. दवाखाना आणि घर मंडळीनं कुलपात घातलं, तेव्हा गायत्यानं त्यांना गावाच्या कडेला झोपडीपुरती जागा दिली. ते लोकांच्या शेतात राबायचे आणि रविवारी झोपडीत उपासना करायचे, असं तिकडून येणारे सांगत.

दर हिवाळ्यात चामोर्शीला आमच्या मंडळ्यांचा मेळा भरायचा. नद्या उतरल्या की सामेलभाऊ पायी निघायचे आणि मेळ्याला पोचायचे. मांडवात सगळ्यांत मागे, काळा कोट घालून बसायचे. दर वर्षी कुणी ना कुणी वडील त्यांना बाजूला घेऊन समजवायचा. एक शब्द तोंडातून काढा, चुकलो म्हणा, मंडळी तुम्हाला जवळ घेईल. आणि दर वर्षी ते म्हणायचे, "चुकलो असतो तं सांगलो असतो." लोकांना तो ताठा वाटायचा. दुसरा कुणी असता तर मंडळीवर थुंकून निघून गेला असता, नाहीतर चुकलो म्हणून मोकळा झाला असता. सामेलभाऊंनी दोन्ही केलं नाही. ते यायचे, सगळं शेवटपर्यंत ऐकायचे, आणि मेजाची वेळ झाली की बसून राहायचे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं त्या वर्षी मला नुकतंच वडील नेमलं होतं. भाकरीचं ताट माझ्या हातात होतं. मी रांगेरांगेनं मागे आलो. सामेलभाऊ मान खाली घालून बसले होते. माझ्या धोतराचा काठ त्यांच्या गुडघ्याला लागला. मी पुढच्या माणसाकडे गेलो.

मेळा संपल्यावर ते विहिरीपाशी आपली थाळी घासत होते. आसपास कुणी नव्हतं. मी गेलो. सलाम झाला. ते फार म्हातारे दिसत होते. रैनीचं विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांनीच सांगितलं की तिनं नदीपलीकडे दुसरं घर केलं, बरं झालं. मग मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, "सामेलभाऊ, म्हणून टाका ना एकदा चुकलो म्हणून. कशाला एवढे हाल करून घेता?"

त्यांनी थाळी पालथी घातली. "खोटं बोलून त्याच्या मेजावर कसा बसू, मास्तर?" ते म्हणाले. "मले भूक लय हाय. रोज लागते. पन खोटं बोलून नाई बसवत."

मी उभाच होतो. ते माझ्याकडे पाहत होते, वाट पाहिल्यासारखे. मांडवातून कुणीतरी मला हाक मारली आणि मी आलो आलो म्हणालो. सामेलभाऊंनी विचारलं, लेकरू चालाले लागलं का? मी हो म्हणालो. त्यांनी कोट काढून खांद्यावर टाकला, थाळी झोळीत घातली आणि ते घोट गावावरून रानाकडे जाणाऱ्या वाटेला लागले. मी मांडवाच्या कनातीपाशी उभा राहून ते दिसेनासे होईपर्यंत पाहत होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढ्या अंतरावर ते बराच वेळ होते.

पुढच्या पावसाळ्यात ते वारले. नदी उतरल्यावर आम्हाला कळलं.

सामेलभाऊ, त्या पावसाळ्यात तुम्ही माझ्या शेजारी झोपत होता. एकही रात्र तुम्ही पडवी सोडून गेला नाहीत. तापातसुद्धा मला ते दिसत होतं. मला चांद्याला जायचं होतं, म्हणून मी ते सांगितलं नाही. मला क्षमा करा.